बोंब, पण वीज आल्यावर

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियसलाच सुखात राहतात. म्हणून नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या दवाखान्याच्या फ्रिजात वायरलेस सेन्सर बसवायचा: दर दहा मिनिटांनी नोंद, ८च्या वर गेलं की डॉक्टरांच्या मोबाइलवर बोंब. चोख! फक्त तिथे वीज गेली की फ्रिजबरोबर वायफायचा राउटरही मान टाकतो. बॅटरीवरचा सेन्सर मग गुपचूप लिहीत बसतो आणि वीज आली की तुंबलेले सगळे अलार्म एकदम ओततो. २०१५ साली सुरू झालेल्या ‘ईविन’ या सरकारी लससाठा-यंत्रणेनं सेन्सरला सिमकार्ड दिलं, ते उगाच नव्हे. इथे मात्र राउटरला इन्व्हर्टर देण्याआधीच अलार्म सायलेंटवर जातो. कारण कंपाउंडर थंड पाण्याची बाटली काढायला दार उघडतो, तेव्हाही अलार्म ठणाणतोच.