हात आखूड पडतोय

मराठी भाषा कुणाला वय लपवू देत नाही. चाळिसाव्या वर्षालाही चाळिशी आणि त्या सुमारास नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच. पहिली मी निमूट ओलांडली. दुसरीला मात्र सोळा वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं.

या सोळा वर्षांत माझा चष्मा म्हणजे माझा हात. विजेचं बिल येवो की लग्नपत्रिका, हात लांब करायचा आणि मान मागे घ्यायची. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं. जवळचं बघताना ते फुगायला हवं, पण फुगत नाही. त्यामुळे अक्षर स्पष्ट दिसण्याची जागा दरवर्षी थोडी पुढे सरकते. दहा वर्षांच्या पोराला ७-८ सेंटीमीटरवरचं लख्ख दिसतं, साठीच्या माणसाला जवळजवळ मीटरभर अंतर लागतं. देवानं हात दिलाय ६०-७० सेंटीमीटरचा. या हिशेबात कुणाची तरी चूक आहे आणि ती माझी नाही.

आता औषधांचं बघा. रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या गोळ्या घेतो कोण? ज्याला जवळचं दिसत नाही तो. आणि त्यांच्यावरची अक्षरं वाचू शकतो कोण? ज्याला त्या गोळ्या लागत नाहीत तो. तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणारे कलाकार हल्ली औषध कंपन्यांत नोकरीला लागलेत, असा माझा संशय आहे. तेही चकचकीत चंदेरी कागदावर, म्हणजे अक्षराआधी आपलंच तोंड दिसावं. मुदतीची तारीख तर कित्येकदा नुसती ठसा उठवून ठेवलेली. वाचू नका, चाचपा! त्यात आम्ही दहाच्या पट्टीतल्या चारच मागणारे. मेडिकलवाला कात्री चालवतो, चार गोळ्या माझ्या खिशात येतात आणि तारीख दुकानात राहते.

कित्येक पट्ट्यांवर डावीकडे एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असा तिचा अर्थ. अख्ख्या पट्टीवर चष्म्याविना दिसणारी तेवढी एकच गोष्ट, आणि ती मी इतकी वर्षं नक्षी समजत होतो.

चिठ्ठीचं तर विचारूच नका. औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असा नियम वैद्यक परिषदेनं २०१६ साली केला. आमच्या डॉक्टरांचं अक्षर सुधारलंय की नाही, हे सांगायलाही आधी चष्मा लागेल.

सरकारला आमची दया आली नाही असं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित औषधांवर क्यूआर कोड आला. मोबाइल धरा की नाव, बॅच, मुदत सगळं हजर. कुठे? मोबाइलवर. पट्टीवर होती तेवढ्याच अक्षरांत. दोन बोटांनी ती मोठी करायला गेलो तर दुसऱ्या हातातली पट्टी सोफ्याखाली गेली.

समजा, वाचलं. मग पाळायचं कसं? आमच्या घरात जेवणाचे दोन पंथ नांदतात. ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची, दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांत. मुलगी ऋजुता दिवेकरांची, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं, वर तूप. डॉक्टर सांगतात, "गोळी तीन वेळा, जेवणानंतर." बायकोच्या पंथात तिसरी गोळी कुठल्या जेवणानंतर घ्यायची, मुलीच्या पंथात उरलेल्या जेवणांनी काय पाप केलंय, याचं उत्तर कुणीच देत नाही. हिची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही, आणि कॅल्शियमची तिच्यापासून चार तास लांब. आमच्या घरी हल्ली गजर वाजला की सगळे एकमेकांकडे बघतात, हा कुणाचा?

या सगळ्या पट्ट्या राहतात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. एकत्र.

गेल्या रविवारी अखेर मी शरण गेलो. अधिक दोन नंबरची चाळिशी आणली आणि घरी येऊन पहिला उघडला तो हा डबा. महिनाभर रात्री जेवल्यावर मी पित्ताची गोळी घेत होतो. इतकी गुणकारी की बागेतल्या दोन मित्रांनाही सुचवली होती. वाचली. पित्ताची नव्हतीच ती, हिची कॅल्शियमची होती.

मेडिकलवाल्याला फोन केला. "काका, कॅल्शियम कार्बोनेटनं पित्तही शमतं," तो म्हणाला, "घाबरू नका."

मी घाबरलो नव्हतोच. पण हिनं डब्यातली दुसरी पट्टी उचलली होती आणि हात लांब करून, मान मागे घेऊन तिच्याकडे बघत होती.

"अहो, मग महिनाभर मी काय घेतेय?"