विषय : आयकॉन खालच्या कोपऱ्यात ठेवण्यास मिळालेल्या परवानगीबद्दल आभार

प्रति,
मा. मालक, ॲपल, मुक्काम कुपर्टिनो
मा. मालक, गूगल, मुक्काम माउंटन व्ह्यू
(दोन्ही राज्य कॅलिफोर्निया)

संदर्भ : आमच्या घरातील रविवार सकाळचे वाद

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ आलं आणि आयफोनच्या होमस्क्रीनवरचा आयकॉन मध्ये मोकळी जागा सोडून हव्या त्या ठिकाणी, अगदी अंगठ्याजवळच्या खालच्या कोपऱ्यातसुद्धा, ठेवता येऊ लागला. या उदार निर्णयाबद्दल समस्त ग्राहकवर्गातर्फे आभार. पहिला आयफोन २००७ सालचा. तेव्हापासून सतरा वर्षं हे आयकॉन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकही जागा न सोडता ओळीने बसत होते. मधला एक काढला की मागचे सगळे निमूट पुढे सरकत. आपल्या फोनवर आपल्याला रिकामी जागा ठेवता येईल, ही कल्पनाच आमच्या पिढीला झेपणारी नव्हती.

आभाराचं पत्र दोघांच्या नावे एकत्र का, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचं उत्तर पुढे आहे. तोवर सवयीप्रमाणे तळाशी जाऊन ‘मान्य आहे’ दाबू नये.

प्रथम मा. ॲपल यांजविषयी. आपण परवानग्या देता, पण माणसाला झेपतील अशा बेताने. मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची परवानगी २००९ साली आली. आयकॉनच्या मागे स्वतःच्या आवडीचं चित्र लावण्याची २०१० साली. दुसऱ्या कुणी बनवलेला कीबोर्ड वापरण्याची २०१४ साली. होमस्क्रीनवर विजेट ठेवण्याची २०२० साली. समोरच्या गोटात ते २००९ पासूनच कुणालाही बनवता येत होतं. लॉकस्क्रीनवरच्या घड्याळाचा फाँट आणि रंग बदलण्याची २०२२ साली. प्रत्येक परवानगीबरोबर एक देखणा सोहळाही झाला. इतरांकडे जुनी झालेली गोष्ट तुमच्या मंचावर आली की नवी होते, हे तुमचं कसब आम्ही मानतो.

गजराचं उदाहरण तर ग्रंथात नोंदवावं असं आहे. आयफोनचा गजर स्नूझ केला की तो बरोबर नऊ मिनिटांनी पुन्हा वाजायचा. आठ नाही, दहा नाही. माझे धाकटे दीर हे आयफोनचे निस्सीम उपासक. ‘नऊच मिनिटं का?’ असं विचारलं तर ते म्हणत, ‘वहिनी, त्यामागे काहीतरी विचार असणार.’ सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आलं आणि ही वेळ १ ते १५ मिनिटांत हवी तशी ठरवता येऊ लागली. आता भावजी म्हणतात, ‘बघा, किती विचार करून दिलंय!’ आयओएस १८ च्या मागोमाग एकदम २६ कसं आलं, हे मात्र आम्ही विचारत नाही. मधले आकडे गाळण्याची परवानगी मालकांना कुणाकडून घ्यावी लागत नसावी.

रिंगटोनचंही तेच. भावजींना गणपतीत फोनवर आरती वाजायला हवी होती. त्यासाठी त्यांनी गॅरेजबँड नावाच्या संगीतरचनेच्या ॲपमध्ये जाऊन आरतीचे तीस सेकंद कापले, मग ते कुठून कुठे निर्यात केले, आणि हे सगळं जमेपर्यंत घरात खरी आरती होऊन प्रसादही वाटून झाला होता. आता आयओएस २६ मध्ये फाइलवरूनच थेट रिंगटोन लावता येतो. बाप्पाच्या दारी उशीर चालतो, हे आपणांस कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

एका गोष्टीबद्दल मात्र उपरोध बाजूला ठेवून आभार. लॉकस्क्रीनवरच्या घड्याळाचे आकडे देवनागरीत ठेवता येतात. 10:45 ऐवजी तिथे आमचे १०:४५ पाहून भावजींचा फोन मी आपणहून हातात घेतला. हे घरातल्या कुणाच्याही नजरेतून सुटलं नाही.

आता मा. गूगल यांजविषयी. मी स्वतः अँड्रॉइडवाली. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली बाजारात आला आणि आपण पुढच्या एकदोन वर्षांत वाट्टेल ते बदलायची सोय दिलीत. कीबोर्ड बदला, लाँचर बदला, आयकॉन गोल करा, चौकोनी करा, हलते वॉलपेपर लावा. सन २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून फोनची अख्खी भाषा मराठी करता येते, म्हणून तर सासूबाई ‘सेटिंग्ज’ला घाबरत नाहीत. अँड्रॉइड १२ ने २०२१ साली आणखी एक चमत्कार केला : वॉलपेपरमधले रंग उचलून फोन स्वतःला त्या रंगात रंगवू लागला. सासूबाईंनी तुळशीहार घातलेला विठ्ठल लावला आणि त्यांच्या फोनची बटणं तुळशीच्या रंगाची झाली. कॅल्क्युलेटरसुद्धा. बेरीज तीच, पण सात्त्विक वाटते.

पण मालक, स्वातंत्र्य आपण आम्हाला दिलंत तेव्हाच ते फोन बनवणाऱ्यांनाही दिलंत. मग सॅमसंगने त्यावर वन यूआय चढवलं, शाओमीने आधी एमआययूआय आणि मग हायपरओएस, ओप्पोने कलरओएस. एकच अँड्रॉइड, पण प्रत्येक घरी वेगळ्या वेषात. परगावच्या नणंदेला फोनवरून ‘सेटिंग्जमध्ये जा, मग डिस्प्ले’ असं सांगावं तर तिच्याकडे डिस्प्ले भलत्याच नावाने भलत्याच मजल्यावर. सासूबाईंचा फोन कुठल्या कंपनीचा ते इथे सांगत नाही, पण तो खोक्यातून निघाला तेव्हाच त्यात पत्त्यांचे दोन खेळ, एक खरेदीचं दुकान आणि कर्ज देणारं एक ॲप मुक्कामाला होतं. त्यातली काही काढता येतात; काही फक्त ‘डिसेबल’ होतात, म्हणजे जागा अडवून बसतात आणि बोलत नाहीत. लॉकस्क्रीनवर रोज नवं चित्र येतं आणि त्याखाली बातमी की जाहिरात हे दोनदा वाचूनही कळत नाही. विठ्ठल आत आहे. दारात मात्र ट्रॅव्हल एजंट उभा असतो.

या परिस्थितीत आमच्या घरी रविवारी वाद होतात. भावजी म्हणतात, ‘वहिनी, तुमच्या फोनला शिस्त नाही.’ मी म्हणते, ‘भावजी, तुमच्या फोनला मत नाही.’ अमेरिकेत हा वाद मेसेजच्या निळ्या-हिरव्या फुग्यांवरून (आयफोनचे निळे, अँड्रॉइडचे हिरवे) चालतो म्हणे. सन २०२२ मध्ये एकाने ॲपलप्रमुख टिम कुक यांना जाहीरपणे सांगितलं की, आईला पाठवलेले व्हिडिओ तिच्या फोनवर नीट दिसत नाहीत. त्यावर कुकसाहेबांनी आईला आयफोन घेऊन देण्याचा सल्ला दिला. आमच्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालत असल्यामुळे फुग्यांची मजा आम्हाला नाही. आम्ही लग्नात उट्टं काढतो. फोटोच्या वेळी कुणीतरी हमखास ओरडतं, ‘आयफोनवाला कोण आहे रे?’ आणि भावजी गर्दीतून वाट काढत पुढे होतात. ते फोटो सगळ्यांना मिळेपर्यंत नवं जोडपं सत्यनारायण उरकून परतलेलं असतं, पण तो मुद्दा मी रविवारसाठी राखून ठेवते.

आता पत्र एकत्र का, ते सांगते. गूगलविरुद्ध अमेरिकी सरकारने चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात काही कागद उघड झाले. त्यावरून जगाला कळलं की, ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये शोधासाठी गूगलच ठरलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारातली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. म्हणजे मालक, वैर आमच्या दिवाणखान्यात होतं. तुमच्याकडे व्यवहार होता. भावजी सफारीत ‘अँड्रॉइड वाईट का’ असं शोधत होते तेव्हाही तुम्ही दोघं आपापल्या वहीत जमा-खर्च मांडत होतात.

हे कळल्यावर तुमच्या परवानग्यांची यादी मी पुन्हा वाचली आणि तिच्यातला नियम दिसला. ज्या बदलाने तुमचा एक पैसाही जात नाही तो बदल, लवकर किंवा उशिरा, आम्हाला मिळतो. रंग, फाँट, आयकॉनचा आकार, घड्याळाचे अंक, स्नूझची मिनिटं. जिथून पैसा वाहतो तिथे आम्हाला बोट लावता येत नाही. भिंतींना कुठला रंग द्यायचा ते भाडेकरूने खुशाल ठरवावं. किल्ल्यांचा जुडगा मालकाच्या कमरेला.

आयफोनवर गूगलचं क्रोम उतरवून घेता येतं आणि २०२० पासून तेच कायमचं ब्राउझर म्हणून ठरवताही येतं. पण भारतातल्या आयफोनवरच्या त्या क्रोमच्या पोटात इंजिन सफारीचंच असतं, कारण ॲपलचा नियम तसा आहे. इथे ॲप फक्त ॲपलच्याच दुकानातून घ्यायचं, आणि आतल्या डिजिटल खरेदीवर दुकानदाराचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत. तिकडे स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर होमस्क्रीनच्या तळाशी गूगलची शोधपट्टी असते. वॉलपेपर बदला, आयकॉन रंगवा, पण पिक्सेलच्या मूळ लाँचरमध्ये ती पट्टी वर्षानुवर्षं काढता येत नव्हती. दोन्ही घरांत हात लावू नये अशी जागा कुठली, हे पाहायला फार शोधावं लागत नाही. शोधाचीच जागा ती.

कुलपं उघडतात, नाही असं नाही. पण आमच्या आवडीनिवडीने नव्हे, सरकारी कागदाने. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी दुकानं आली आणि दुसऱ्या ब्राउझर इंजिनांना वाट मिळाली. फोन तोच, परवानगी मात्र पत्ता पाहून. आमच्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये, भारतातल्या फोनवर शोधासाठी कुणाला नेमायचं हे ग्राहकाला निवडता येईल, असं गूगलने जाहीर केलं. इतकी साधी निवड एवढ्या महाग वाटेने आली.

आणि आता तुम्ही दोघं एकमेकांकडून नको तेही शिकू लागला आहात. ॲपलने अँड्रॉइडकडून विजेट घेतली. गूगल ॲपलकडून कुलूप घेत आहे. बाहेरून आणलेलं ॲप फोनवर चढवायचं तर त्याच्या निर्मात्याने आधी गूगलकडे आपली ओळख पटवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी आडवाट ठेवू, असंही सांगण्यात आलं. फसवणुकीच्या ॲपांनी लोकांचे बँकेतले पैसे जातात हे खरं, आणि सासूबाईंसाठी मलाही असं कुलूप हवं आहे. पण ते माझ्या फोनवर लावायचं की नाही हे मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

तरी खालील मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा :

१. विकत घेतलेल्या फोनवर आधीपासून मुक्कामाला असलेलं प्रत्येक ॲप, मी आणलेल्या ॲपइतक्याच सहजतेने काढता यावं. ‘डिसेबल’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

२. ब्राउझर, शोध, नकाशे यांपैकी काय वापरायचं हे पहिल्याच दिवशी विचारावं आणि दिलेलं उत्तर लक्षात ठेवावं. अपडेटनंतर ‘पुन्हा आमच्याकडे यायचं का?’ असा लडिवाळ प्रश्न करू नये.

३. फोनला किती वर्षं अपडेट मिळणार ते खोक्यावर ठळक छापावं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ पासून सात वर्षांचा शब्द दिला. स्वस्तातला फोन घेणाऱ्यालाही त्याच्या वाट्याची वर्षं आधी कळायला हवीत.

४. जी सोय युरोपात कायद्याने दिली, ती इथे कायद्याची वाट न पाहता द्यावी. जमल्यास मंचावर सोहळा करून द्यावी. आम्ही टाळ्या वाजवू.

५. शोध आम्ही घेतो आणि पैसे एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जातात. वाटा मागत नाही, पण निदान पोच तरी पाठवावी.

वरील मागण्या मान्य होईपर्यंत आमच्या घरातले रविवारचे वाद स्थगित करण्यात आले आहेत. भावजींनी आणि मी मिळून दोन्ही फोनवर शोधासाठी तिसऱ्याच कुणालातरी नेमलं आहे. यादीत ते खाली होतं, पण होतं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(नियम व अटी प्रथमच वाचलेली)

प्रत माहितीसाठी :
१) भावजी, यांच्या आयफोनवर
२) सासूबाई, मराठीत व मोठ्या अक्षरात

ता. क. : उत्तर पाठवल्यास ते मी निवडलेल्या ॲपमध्ये उघडावं, ही विनंती.