त्याच्या आधी कोण?

अष्टागरातल्या प्रत्येक गावात एक तरी अण्णा असतातच. आमचे अण्णा निवृत्त तलाठी. माडीला आयुष्यात शिवलेले नाहीत. नुसता वास आला तरी नाकाला उपरणं लागतं. पण नाक्यावरच्या जुन्या माडीच्या दुकानाचे आजवरचे सगळे मालक ओळीने शोधून काढायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा एकमेव उद्योग. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव विचाराल तर अडखळतील. दुकानाचा एखादा विस्मरणात गेलेला मक्तेदार मात्र थकबाकीसकट सांगतील.

दुकान उघडलं की अण्णा बाहेरच्या बाकावर हजर. बरोबर चहाचा थर्मास आणि फेरफारांच्या झेरॉक्सनी फुगलेली कापडी पिशवी. मोडी कागद निघाला की भिंग बाहेर येतं आणि गिऱ्हाइकं आपोआप आवाज खाली आणतात. कुणी म्हातारा "आमच्या लहानपणी गल्ल्यावर अमका बसायचा" म्हणाला, की अण्णांचा ठरलेला प्रश्न, "आणि त्याच्या आधी कोण?" उत्तर मिळालं की दुसरा, "पुरावा?" साक्षीदाराला भत्ता म्हणून एक ग्लास अण्णांच्या खात्यावर मिळतो. त्यामुळे गावात साक्षीदारांची टंचाई नाही. पहिल्या ग्लासात आजोबांचा काळ आठवतो, दुसऱ्यात थेट आंग्रे.

काकूंचं म्हणणं थोडक्यात असं, "लोक दारूपायी घर विकतात, यांनी झेरॉक्सपायी पेन्शन घातली."

खरं तर घोळ अण्णांचा नाही, अबकारीचा आहे. १८७८ च्या कायद्यानंतर माड मोजले जाऊ लागले. ज्यांची माडी काढायची त्यांना नंबर, झाडागणिक कर, आणि दुकानाचा मक्ता लिलावाने. म्हणजे माड एकाचे, पैसा दुसऱ्याचा, लिलावात पुढे केलेलं नाव तिसऱ्याचं आणि पहाटे कमरेला कोयता खोचून सरसर वर चढणारा भंडारी चौथाच. "मग यातला मालक कोण हो?" असं मी विचारलं, तेव्हा अण्णांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "हीच तर गंमत आहे!" माझं मत विचाराल तर पहिलं नाव त्या चढणाऱ्याचं लावावं. पण तो कागदावर येतो तो फक्त दंड झाला तर, आणि अण्णा कागदाबाहेर पाऊल टाकत नाहीत.

१८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरचं त्यांनी पान न् पान चाळलं. दुकानाचा उल्लेख नाही. दुसरा कुणी खचला असता. अण्णा म्हणाले, "इतकं माहितीचं दुकान, साहेबाला लिहायची गरजच वाटली नसेल." मग ते उरणला भरकटले. पारशी मालकांच्या भट्ट्या, मोहाची दारू, ती होड्यांतून मुंबईला कशी जायची. आमच्या दुकानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात, म्हणून ठाण्याचाही खंड मिळवणं आलं. एक पावसाळा त्यात गेला.

सगळ्यात जड जातात ते वारस. आता त्यांच्या घरांत डॉक्टर आहेत, सून पुण्याची आहे. अण्णा दारात उभे राहून आनंदाने सांगतात, "तुमच्या पणजोबांचा मक्ता सापडला!" आतून उत्तर येतं, "आमचे पणजोबा नारळ-सुपारीचे व्यापारी होते." अण्णा शांतपणे झेरॉक्स पुढे करतात. चहा त्यांना सहसा मिळत नाही. पण हीच घरं, आपल्या भावकीचं नाव यादीत आहे आणि आपलं नाही असं कळलं, की संध्याकाळी स्वतः येऊन विचारतात, "आमच्या आजोबांचं काय? तेही बसायचे की गल्ल्यावर!"

१९४९ च्या दारूबंदी कायद्यापाशी यादी अडते. कागदोपत्री दुकान बंद. साक्षीदार मात्र एकमुखाने सांगतात, "बंद कुठलं, पुढची फळी लावलेली असायची." अण्णांना खोटं लिहवेना आणि खरं सिद्ध होईना. शेवटी त्या रकान्यात त्यांनी मालकाच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं : मागचे दार.

सध्याच्या दुकानदाराला इतिहासात रस नाही, पाटीत आहे. अलिबागला शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांना 'जुनं' आवडतं, हे त्याने ओळखलंय. "अण्णा, शिवकालीन म्हणू?" अण्णांनी तीन दिवस अबोला धरला. मग तडजोडीची बोलणी झाली. "बरं, आंग्रेकालीन?" "पुरावा?" "निदान ब्रिटिशकालीन तरी!" "साल कुठलं ते ठरू दे." रंगाऱ्याला मुंबई गाठायची होती. तो 'स्थापना' एवढं रंगवून पुढची जागा सोडून गेला. पाटी तशीच टांगली गेली.

परवा कुणीतरी त्या मोकळ्या जागेत खडूने लिहिलं : सकाळी १०.

अण्णांनी भिंग काढलं, बराच वेळ निरखलं आणि दुकानदाराला एवढंच विचारलं, "अक्षर कुणाचं रे हे?"