पाऊसपट्टी

घरपट्टीचं बिल आलं की भरण्याआधी एकदा सावकाश वाचावं. झाडांसाठी वृक्षकर, आगीसाठी अग्निशमन कर, शाळांसाठी शिक्षण कर. दुकान असेल तर रोजगार हमीचा उपकरही. आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसासाठी? रकानाच नाही. आग कुणाकडे लागली तर लागते, पाऊस मिरगापासून प्रत्येकाच्या डोक्यावर असतो. तरी सरकारदरबारी तो अजून पाहुणाच.

गटारं बांधणं हे 1965 च्या कायद्याने नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य केलं. कर्तव्य मुंबईत ठरलं, पैसा गावाने बघायचा. एकेकाळी जकात होती, ती गेली. आता कधी नगरोत्थान, कधी वित्त आयोग. कुठल्या तरी योजनेची ओंजळ कधी पुढे येते याची वाट बघायची. त्यात आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला आणि पाऊस येतो जूनमध्ये. मधल्या दिवसांत निविदा, मंजुरी, कार्यादेश आणि नालेसफाई. गाळ उपसून गटाराच्या काठावरच ठेवला की पहिल्या झडीला तो आपल्या पायांनी घरी जातो. मोजमाप पुस्तिकेत तो निघालेला असतो आणि ते खरंच आहे; परत आल्याची नोंद करायला त्या पुस्तिकेत जागा नसते.

पण पाऊसपट्टी आपण भरतच नाही, असं कुणी समजू नये. भरतो, फक्त पावती मिळत नाही. खालच्या बाजारपेठेतला दुकानदार ती भिजलेल्या मालात भरतो. चिपळूणच्या बाजारपेठेने 22 जुलै 2021 च्या पुरात कित्येक वर्षांची एकदम भरली.

हिशेब साधा आहे. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे तीस टँकर! मे महिन्यात ज्या टँकरसाठी आपण फोनवर गयावया करतो, तेच टँकर पावसाळ्यात उताराखालच्या शेजाऱ्याला घरपोच, फुकट. पूर्वी यातलं बरंच पाणी अंगण आणि जांभा पिऊन टाकायचे, उरलेलं पऱ्याने समुद्राला जायचं. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. आणि पऱ्या? तो पाइपात घातला, पाइपावर भराव आला, भरावावर इमारत. इमारतीला पऱ्याच्याच काठचं एखादं निसर्गरम्य नाव देतात, तेवढी कृतज्ञता आपल्यात शिल्लक आहे.

जर्मनीतल्या बहुतेक शहरांत तुम्ही किती जमीन फरशीखाली गाडलीत ते मोजून पावसाच्या पाण्याचं शुल्क लावतात. अंगण उघडं ठेवा, शुल्क कमी. अमेरिकेत मेरिलँड राज्याने 2012 मध्ये मोठ्या काउंट्यांवर असंच शुल्क सक्तीचं केलं. विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हणून इतकं हिणवलं की 2015 मध्ये सक्ती उठली. पाऊस काही उठला नाही.

आमच्याकडे असा कर लावायला निघालेला नगरसेवक पुढची निवडणूक लढवणार नाही, हे उघड आहे. म्हणून सध्याचीच पद्धत बरी: वरचा काँक्रीट ओततो, खालचा पैसे मोजतो आणि सप्टेंबरात दोघं मिळून पावसाला शिव्या देतात.

तरीही एक करता येईल. घरपट्टीची नवी आकारणी होते तेव्हा यादी लावून हरकती मागवतात. आपण फक्त रक्कम जास्त म्हणून हरकत घेतो. पुढच्या खेपेला त्याच अर्जात आणखी एक ओळ लिहा: ‘माझ्या छपरावरचं पाणी कुठल्या गटारातून, कुठल्या पऱ्याने समुद्राला जातं, ते नकाशावर दाखवावे.’ पोचपावती मात्र मागून घ्या.