पाहुण्यांसाठी सराटा ओळखण्याची नियमावली

कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं आणि तेव्हापासून आमचे पुण्याचे दाजी हाताबाहेर गेले. तिकीट न काढता दिसलेल्या फुलाला ते फूल मानतच नाहीत. २०२३च्या मराठा आरक्षण आंदोलनापासून आमच्या अंतरवाली सराटीचा पत्ता कुणाला सांगावा लागत नाही. दाजीही सराटा बघायला येणार म्हणतात. सबब पुढील नियम जारी करण्यात येत आहेत.

१. वेळ : पाऊस पडून गेल्यावरची सकाळ. सराट्याचं, म्हणजे गोखरूचं, फूल सकाळी उमलतं, दुपारी मान टाकतं. ज्यांचा नाश्ता अकराला आटोपतो, त्यांनी थेट नियम ५ वाचावा.

२. मान खाली घालावी. सराटा उभा वाढत नाही. बांधाला, गाडीवाटेला, मुरमाड पडीक जागेत त्याच्या फांद्या चारी दिशांना भुईसरपट पसरतात.

३. पान : देठाच्या दोन्ही अंगांना पर्णिकांच्या जोड्या, साधारण चार ते आठ. कुणी 'हरभरा' म्हणालं तर कड तपासावी. हरभऱ्याची दातेरी असते, याची सपाट. दुसरी खूण पक्की : एका पेरावर समोरासमोर दोन पानं, त्यातलं एक मोठं, एक लहान. थोरल्याला मळा आणि धाकट्याला माळ, अशी ही वाटणी. त्यावर तलाठ्याकडे दाद मागता येत नाही.

४. फूल : पानाच्या बगलेत एकटंच. पिवळं, पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. पिवळं दिसताच 'सोनकी, सोनकी' ओरडू नये. सोनकी सह्याद्रीत राहते.

५. फळ : वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाला दोन मोठे काटे, बहुधा दोन बारकेही. तुकडा कसाही पडो, एक काटा आभाळाकडेच. शंका उरल्यास चप्पल काढून दोन पावलं चालावं. कपड्याला चिकटलं तर ते कपाशीतलं दुसरं गोखरू; सराटा कपड्यांकडे बघत नाही, थेट पायात शिरतो. चपलेच्या तळाला, सायकलच्या टायरला रुतून तो गावोगाव फिरतो. तो अमेरिकेतही पोचला आणि तिथल्या लोकांनी वैतागून १९६१ साली इटलीहून दोन जातींचे सोंडकिडे आणून कॅलिफोर्नियात सोडले. आमच्याकडे ते खातं आत्याबाईंच्या खुरप्याकडे आहे. शिव्या देत उपटतात आणि लघवीच्या तक्रारीवर काढ्याला म्हणून चार फळं बाजूला काढून ठेवतात. दशमुळांत याचं नाव आहे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

६. मोबाइलला विचारू नये. शेळ्या राखणाऱ्याला विचारावं.

७. जाड तळाचे बूट घालून येऊ नये. दाजी, त्या बुटांना काहीच कळत नाही. तुम्ही आमचं अख्खं रान तुडवता आणि पुण्याला जाऊन सांगता, मराठवाड्यात काही उगवत नाही. उगवतं. जरा लवकर उठत जा.