कानाला खडा

निवृत्तीच्या समारंभात कॉलेजनं मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जावयानं कानात घालायचे दोन पांढरे खडे दिले. 'खडे' हा शब्द माझा नव्हे, आमच्या सौभाग्यवतींचा. डबी उघडून तिनं आत डोकावलं आणि विचारलं, "एवढ्या दोन खड्यांसाठी जावईबापूंनी एवढा खर्च केला?" मी तिला समजावलं की हे इअरबड्स आहेत, बिनवायरीचे आहेत आणि यात विज्ञान आहे. मी बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे. त्यातही 'ध्वनी' हा धडा माझ्या हातचा मळ. फळ्याकडं पाठ करूनसुद्धा मी लहरी काढू शकत असे. त्यामुळे बाकी कशातही माझी फजिती होईल, पण आवाजाच्या बाबतीत होणार नाही, याची मला खात्री होती.

आता आमच्या भागातल्या ऐकण्याविषयी थोडं सांगायला हवं. धाराशिव जिल्ह्यात ऐकणं हा खासगी व्यवहार नाही. नळदुर्गहून तुळजापूरला निघालेल्या एसटीत एकाच्या मोबाईलवर आराधी गाणं, दुसऱ्याच्या मोबाईलवर कीर्तन आणि तिसऱ्याच्या मोबाईलवर भावकीतल्या वाटणीचं बोलणं चालू असतं. तिन्ही गोष्टी सगळी गाडी ऐकते आणि तिसऱ्या गोष्टीत सल्लाही देते. त्यात आम्ही नळदुर्गचे. आमच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केलेला आहे. पावसाळ्यात धरण भरलं की 'नर' आणि 'मादी' हे दोन्ही धबधबे असे कोसळतात, की शेजारी उभ्या माणसाला वेळ विचारायची तरी ओरडावं लागतं. आमच्या गावाचे गळे त्या पाण्यानं घडवले आहेत. हे दोन खडे कानात घालून मी या परंपरेतून बाहेर पडणार होतो. आपलं आपण ऐकायचं, कुणाला त्रास नाही, कुणाचा त्रास नाही. थोडक्यात, मी सुसंस्कृत होणार होतो.

मुहूर्तही चालून आला. लेक दिल्लीला असते. आमच्या जिल्ह्याला धावपट्टी आहे, पण तिच्यावर प्रवाशांचं विमान काही येत नाही. सोलापुरातून २०२५ साली गोव्याचं विमान सुरू झालं, पण आमची लेक गोव्याला दिलेली नाही. राहिलं हैदराबाद. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाकडं होता, त्यामुळे हैदराबादला जाताना आम्हाला परगावी चाललो असं वाटतच नाही. हायवे दारातून जातो. जीपनं शमशाबादचा विमानतळ गाठेपर्यंत मी दोन्ही खडे चार वेळा कानात घालून पाहिले आणि चार वेळा ड्रायव्हरला त्यांची माहिती दिली.

पहिला गोंधळ विमान उभं असतानाच झाला. सूचना सुरू होण्याआधी हवाईसुंदरी आमच्या रांगेपाशी थांबली आणि स्वतःच्या कानाला बोट लावून माझ्याकडं बघत हिंदीत काहीतरी म्हणाली. सौ.नं विचारलं, "काय म्हणायली?" मी म्हणालो, "कानातलं काढा म्हणतेय." सौ.चा चेहरा उतरला. तिनं आधी माझ्याकडं, मग त्या मुलीकडं बघितलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. "कुड्या आईच्या आहेत," ती म्हणाली. "तपासायच्या तर इथंच तपासा म्हणावं. मी हातात देणार नाही." मराठीत 'कानातलं' म्हणजे काय काय होऊ शकतं, याचा विचार मी करायला हवा होता. मी माझे खडे काढले, हवाईसुंदरीनं हात जोडले आणि सौ.नं दिल्लीपर्यंत कुड्यांची काळजी सोडली नाही.

विमान वर गेलं, पट्टे सोडायची खूण झाली. मी ऐटीत डबी उघडली. ऐकायला काय घ्यायचं हे आधीच ठरलं होतं: तुळजापूरला नवरात्रात मी स्वतः मोबाईलवर धरलेला गोंधळ. संबळ, तुणतुणं, झांज, सगळं स्वच्छ आलं होतं. खडे कानात गेले, त्यांची आवाज गिळायची कळ दाबली आणि मी गोंधळ सुरू केला.

आवाज येत होता, पण लांबून, शेजारच्या वाड्यात कार्य असावं तसा. मी आवाज वाढवला. वाडा थोडा जवळ आला. आणखी वाढवला. शेवटी पट्टी पार टोकाला नेली, डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला.

विज्ञानाचा भाग असा. आपल्याकडं २०१४ पासून विमानात फोन वापरायला परवानगी आहे, पण तो फ्लाइट मोडवर ठेवून. आज्ञाधारक माणसासारखा मी तो मोड लावला होता. त्या मोडनं माझ्या फोनचं ब्लूटूथही बंद करून टाकलं. ते पुन्हा वेगळं चालू करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे खड्यांचा आणि फोनचा काडीमोड झालेला होता. खडे माझे कान बंद करण्याचं काम चोख करत होते आणि फोन आपल्या उघड्या तोंडानं अख्ख्या विमानाला गोंधळ ऐकवत होता. विमानात सगळ्यांत कमी गोंधळ मलाच ऐकू येत होता.

हे मला सौ.च्या कोपरानं कळलं. डोळे उघडले तर पुढच्या तीन रांगा माझ्याकडं वळून बसलेल्या. मी घाईनं एक खडा उपसला. नेमक्या त्याच क्षणी रेकॉर्डिंगमधला माझाच आवाज विमानात घुमला, "अरे ए, पुढं सरक की, काही दिसंना झालंय!" उभा राहून माझ्याकडं बघणारा एक सद्गृहस्थ खरोखर बाजूला सरकला.

फोन हातात सुळसुळत होता, बंद होता होत नव्हता. त्यात गोंधळी टिपेला पोचला आणि म्हणाला, "आई राजा उदो उदो!" आणि मागून, कुठूनतरी पाच-सहा रांगांपलीकडून, एक खणखणीत पुरुषी आवाज आला, "सदानंदीचा उदो उदो!"

तो आवाज एका तरुण पोराचा होता. तो उठून आलाच. "कुठले म्हणायचे काका?"

"नळदुर्ग."

"मी औशाचा. दिल्लीत नोकरीला असतो. बंद कशाला करताव, चालू द्या की वो!" हवाईसुंदरीचं मत वेगळं पडलं. पण जाता जाता त्या पोरानं माझ्या फोनवर दोनदा बोट फिरवलं, खडे पुन्हा जोडून दिले आणि म्हणाला, "आता फक्त तुम्हालाच ऐकू येईल." हे तो जरा नाराजीनं म्हणाला.

आणि मग खरंच जादू झाली. इंजिनाची ती अखंड घरघर कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवावी तशी नाहीशी झाली. मी हे फळ्यावर शेकडो वेळा शिकवलं होतं: लाटेच्या उंचवट्यावर तेवढाच खोलवा आणून ठेवला की पाणी सपाट होतं. खड्यातला बारीकसा माईक बाहेरचा आवाज ऐकतो आणि आतून नेमका उलटा आवाज सोडतो. ही युक्ती हेडफोनमध्ये आणायचं गणितही विमानातच मांडलं गेलं होतं. १९७८ साली अमर बोस झुरिकहून घरी निघाले होते. वडील बंगालचे, ते स्वतः अमेरिकेत प्राध्यापक. विमानात दिलेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, पण इंजिनापुढं संगीत काही ऐकू येईना. चिडून न बसता त्यांनी उतरेपर्यंत गणित केलं आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे तसले हेडफोन बाजारात आले. एक प्राध्यापक विमानात बसून आवाज मारायच्या विद्येचं गणित मांडतो आणि दुसरा त्याच विद्येचं यंत्र कानात घालून विमानात गोंधळ घालतो. प्राध्यापकाप्राध्यापकांत फरक असतो.

हे सगळं सौ.ला सांगणं माझं कर्तव्य होतं. मी सांगितलं. मला वाटलं, मी कुजबुजतोय. "अगं, काय शांतता आहे! हा शेजारचा माणूस एवढा घोरतोय, पण मला त्याचा त्रासच नाही बघ!" शेजारचा माणूस घोरायचा थांबला. नंतर चहाची गाडी आली. "नको नको, एवढ्या पैशात नळदुर्गच्या स्टँडवर अख्खी एसटी चहा पिईल आणि ड्रायव्हर-कंडक्टरला वर भजी!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी हातातला चहा अपराध्यासारखा खाली ठेवला. "आणि ती समोरची बाई बघ, व्याह्यांच्या शेवंताबाईसारखीच दिसती, तसंच नाक!"

भोवती गोंगाट असला किंवा स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसला, की माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये हे मांडलं आणि त्याला त्याचंच नाव पडलं. ते मी नंतर वाचलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सौ.नं पदर तोंडावर घेतलाय आणि खांदे हलतायत. मला वाटलं, दिल्ली जवळ आली म्हणून लेकीच्या आठवणीनं रडतेय. मी तिची समजूत घालायला लागलो. तीसुद्धा त्याच आवाजात.

उतरायला लागल्यावर कानांनी सूड उगवला. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सहा-आठ हजार फुटांवरच्यासारखी ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ. खाली येताना ती पुन्हा दाट होते, पडद्याच्या बाहेरचा दाब वाढतो आणि आतला तेवढा व्हायला कानापासून घशाकडं जाणारी नळी उघडावी लागते. गिळलं, जांभई दिली की ती उघडते. माझ्या कानात तर वरून रबरी बुचं. डावा कान असा दुखायला लागला, की मला बाराखडी आठवेना. मी डावा खडा उपसून मुठीत धरला.

सौ.नं पर्समधून तुळजापूरच्या प्रसादाची पुडी काढली. "खडीसाखर चघळा, सुटंल कान." आतले दिवे मंद केलेले. मी पुडीत हात घातला, एक खडा तोंडात टाकला, पुडी परत दिली. दोन घोट गिळले आणि कान टप्पकन सुटला. विज्ञानानं दुखवलेला कान भवानीनं मोकळा केला. आणि तेव्हा लक्षात आलं की मूठ रिकामी आहे.

मी सीटखाली वाकलो. हात पोचेना म्हणून सीट मागं ढकलायची कळ शोधू लागलो, तोच हवाईसुंदरी धावत आली. "सर, सीट अजिबात हलवू नका!" इवल्याशा खड्यातही लिथियमचा सेल असतो. सीटच्या सांध्यात तो चिरडला तर पेट घेऊ शकतो. हे तिनं मला सांगितलं आणि मी, सवयीप्रमाणे, आमच्या सगळ्या भागाला सांगितलं. मग विमान टेकेपर्यंत आमची रांग सत्यनारायणाला बसलेल्या यजमानांसारखी ताठ बसून होती. मघाचा घोरणारा माणूस तर श्वासही मोजून घेत होता. फोन मात्र ठामपणे सांगत होता की दोन्ही खडे जोडलेले आहेत. ब्लूटूथ साधारण दहा मीटर पोचतं. म्हणजे खडा निम्म्या विमानात कुठंतरी होता, एवढं निश्चित. ब्लूटूथ हे नाव म्हणे डेन्मार्कच्या हराल्ड राजावरून ठेवलंय, त्यानं हजारेक वर्षांपूर्वी फुटलेल्या टोळ्या जोडल्या होत्या. त्याला माझे दोन कान जोडून ठेवता आले नाहीत.

उतरल्यावर सगळे गेले. मी, सौ., औशाचा पोरगा आणि बॅटरी घेतलेले दोन सफाईवाले एवढे राहिलो. सीटखाली एक पेन सापडलं, एक बटण आणि आधीच्या कुणाचे चार खारे दाणे. पोरगा शेवटी म्हणाला, "काका, एक कान तर राहिलाय की."

लेकीच्या घरी जेवणं झाली. सौ.नं प्रसाद वाटायला घेतला. जावयासमोर खडा हरवल्याचं सांगायचं कसं, या विचारात मी उरलेला खडा कानात घालून उगाच गोंधळ लावून बसलो होतो, आवाज टोकाला नेऊन. पाच वर्षांची नात पुडीवर वाकली होती. ती तशीच थांबली. पुडी उचलून तिनं कानाला लावली.

"आजोबा," ती म्हणाली, "प्रसाद वाजतोय."

सगळे पुडीभोवती जमले. आतून, खडीसाखरेच्या ढिगातून, मुंगीनं संबळ वाजवावा तसा बारीक गोंधळ येत होता. घर एकदम गप्प झालं. जावई, लेक, सौ., नात, सगळ्यांनी तो पुडीवर कान टेकून एकत्र ऐकला. खासगीत ऐकायचं यंत्र आमच्या हाती पडून शेवटी एसटीत जाऊन बसलं होतं.

सौ.नं खडीसाखर बाजूला करून तो चिकट खडा बोटांत धरला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं केला. "मी काय म्हणत होते? खडेच आहेत."

मी काही बोललो नाही. निमूटपणे तो घेतला आणि कानाला लावला.