हस्तांतरणीय नाही

पैठण रोडवर चितेगावच्या स्टँडला उतरून "सीझनभाऊंचं दुकान कुठंय?" असं विचारलंत, तर शाळेतून येणारं पोरगंही बोट दाखवील. खरं नाव विचाराल तर फसाल. ते फक्त आधार कार्डावर आहे, आणि भाऊंचं आधार कार्ड गावात कुणी पाहिलेलं नाही. ते मुंबईला स्टेडियमच्या गेटवरच बाहेर निघतं.

दुकान मोटार रिवायंडिंगचं. शेतकरी जळालेली पाणबुडी मोटार डिकीवर बांधून आणतो. तिकडं मोसंबीच्या बागेला पाणी नाही, इकडं जीव टांगणीला. "भाऊ, सांजच्यापर्यंत होईल का?" भाऊ तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणतात, "होईल की. पण मला एक सांग. मी अख्ख्या सीझनचे पैसे भरले, सीट नंबरासकट. अन् आत गेल्यावर ते पोरगं म्हनतं, अंकल, कुठंबी बसा. मग नंबर कामून छापला?" शेतकऱ्याला वाटतं, एसटीच्या रिझर्वेशनचं काही असेल. तो "लै वाईट झालं" म्हणतो. भाऊंना तेवढं पुरतं. मोटार सांजच्यापर्यंत होते.

चितेगाव म्हटलं की एके काळी लोकांना व्हिडिओकॉन आठवायचं. आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं तिथं कामाला होती. भाऊ टीव्हीच्या तपासणीवर. टेबलावर रांगेनं सेट लागलेले असायचे आणि प्रत्येकात चित्र धड येतं की नाही ते बघायचं. २ जुलै २००० च्या रात्रपाळीत युरो कपची फायनल चालू होती, फ्रान्स आणि इटली. जादा वेळेत त्रेझेगेनं गोल्डन गोल मारला, तो भाऊंनी एकाच वेळी चोवीस टीव्हींवर पाहिला. "जगानं एकदा बघितला, मी चोवीसदा," असं ते आजही सांगतात. त्या पाळीत नापास सेट किती पुढं गेले, ते मात्र सांगत नाहीत.

पुढं भाऊंनी कंपनी सोडून दुकान टाकलं. २०१४ ला इंडियन सुपर लीग निघाली आणि तोच त्रेझेगे एफसी पुणे सिटीच्या कपड्यांत बालेवाडीत उतरला. बातमी वाचली त्या दिवशी भाऊंनी दुकानाचं शटर अर्ध्यावर आणलं आणि पुण्याची गाडी धरली. त्रेझेगे तोवर सदतिशीत होता, पण भाऊंना धावणाराच हवा होता असं नाही. चालणाराही चालला.

पाच हंगाम सुखाचे गेले. मग २०१९ मध्ये पुण्याचा क्लब गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबनं घेतली. हा घाव भाऊंच्या वर्मी बसला. "आमच्या मराठवाड्यानं १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादपासून कशीबशी सुटका करून घेतली, अन् हे पुन्यातले शहाणे आपल्या पायानं तिकडं चालले," असं ते टपरीवर महिनाभर सांगत होते. पुढं २०२५ मध्ये तो हैदराबादचा क्लबही उठून दिल्लीला गेला, तेव्हा भाऊंनी दौलताबादच्या दिशेला हात करून एवढंच म्हटलं, "तुघलक तरी दिल्लीहून इकडं आला होता."

पुण्यानंतर त्यांनी ज्या क्लबचा सीझन पास धरला, त्याचं नाव ते घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथं नाव न घेता दिवसभर विषय दुसरा नसतो.

खरं सांगायचं तर फुटबॉल आता भाऊंच्या आयुष्यात थोडाच उरलाय. मागच्या सामन्याचा स्कोअर विचारा, ते दोन क्षण आढ्याकडं बघतात. पण पासाच्या मागं बारीक अक्षरांत छापलेल्या अटी विचारा, रामरक्षेसारख्या घडाघडा येतात. परतावा नाही. हस्तांतरणीय नाही. सामन्याची तारीख, वेळ, ठिकाण बदलण्याचा हक्क राखून. एकदा बाहेर गेल्यास पुन्हा प्रवेश नाही. या शेवटच्या अटीवर ते हमखास थांबतात. "एसटी धाब्यावर जेवायला थांबती, तर मानूस उतरून परत बसतो का नाही? कंडक्टर उलट मोजून घेतो, कोन राह्यलं का म्हनून. हितं मानूस बाहेर गेला तर यांना आनंद!"

एकदा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. भिंतीवर त्यांच्याच हातची पाटी होती: उधारी बंद. ॲडव्हान्स परत मिळणार नाही. तीस दिवसांत मोटार न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही. मी पाटीकडं पाहिलं, मग भाऊंकडं पाहिलं. भाऊ म्हणाले, "ते येगळं."

गेटवरचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे, कारण एका हंगामात माझ्याही गळ्यात पास पडला होता. चितेगावहून संभाजीनगर, तिथून रात्रभर ट्रॅव्हल्स, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर अंग आंबवून आम्ही मुंबईला पोचलो. दिवसभर एका नातेवाइकाच्या खोलीत पडलो आणि संध्याकाळी रांगेत उभे राहिलो. पाण्याची बाटली आत नाही. छत्री नाही. हेल्मेट नाही, नाणी नाहीत, पॉवर बँक नाही, बाहेरचं खाणं नाही. नाणी का नाहीत, तर म्हणे मैदानात फेकतात. भाऊंनी खिशातली सतरा रुपयांची चिल्लर मोजून त्या टोपल्यात टाकली आणि पावती मागितली. मागची रांग हसली. भाऊ हसले नाहीत, त्यांना खरंच पावती हवी होती.

मग पॉवर बँक. "हे बघ बाळा," भाऊ दमानं सांगू लागले, "तिकीट कुठंय? फोनमधी. कागदाचं चालत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडूनच दाखवायचं. फोन कशावर चालतो? चार्जिंगवर. मी काल रात्रीपासून प्रवासात, फोन चार टक्क्यांवर. चार्जिंग कुठंय? ह्या डबीत. अन् ही डबी तू बाहेर ठिवायला लावतो. मग सर्किट पूर्ण कसं व्हनार?" तीस वर्षं तारा जोडलेला माणूस. त्याला या देशात कुठंही तुटलेलं सर्किट दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. तोवर फोन तीन टक्क्यांवर आला होता. ॲपनं ओटीपी मागितला. सिम पोराच्या नावावर, पोरगा बिडकीनला कंपनीत सेकंड शिफ्टला, आणि पहिल्या फोनचा मेसेज दुसऱ्या फोनवर. तो सगळा मामला इथं लिहीत नाही, संपादक जागा देणार नाहीत.

पण दशम्यांचं सांगतो. वहिनींनी फडक्यात बांधून दिलेल्या दुधातल्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा गेटवरच्या पोरानं बाहेर काढला.

"काका, हे आत नाही जमत."

"मला शुगर आहे."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"दशमीला चिठ्ठी लागती का रे? कुठला तू?"

"गेवराईकडला."

भाऊंचा चेहराच बदलला. पैठण आणि गेवराई म्हणजे मधे फक्त गोदावरी. दोघं तिथंच पाण्याविषयी बोलू लागले, जायकवाडी किती भरलं, कालव्याला आवर्तन कधी. रांग खोळंबली. शेवटी निकाल असा लागला, की नियम मोडायचा नाही. दशम्या आत गेल्या नाहीत. सामना सुटल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा त्या पोरानं फडकं नळावर धुऊन, पिळून, घडी घालून भाऊंच्या हातात दिलं. "काका, ठेचा लै तिखट व्हता," म्हणाला. भाऊ वाटेत म्हणाले, "नियम तसाच ऱ्हायला, पन पोरगं जेवलं." त्या दिवशी आपल्या क्लबनं किती गोल खाल्ले, याचा उल्लेख त्यांनी केला नाही.

जगातल्या फुटबॉलप्रेमींची गाऱ्हाणी भाऊंना तोंडपाठ आहेत. जर्मनीत क्लबमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात ठेवतात, हे त्यांनी टपरीवर समजावून सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "म्हंजी आपला सहकारी साखर कारखानाच की. मग चेअरमन आधीच ठरलेला आसंल." भाऊ दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. इंग्लंडात काही क्लब पासवाला ठरावीक सामन्यांना आला नाही तर पुढच्या वर्षी पास देत नाहीत, असं वाचून ते आधी भडकले. मग जरा वेळानं हळूच म्हणाले, "पन म्हंजी कोनीतरी हजेरी घेतं. आमी आलो काय, न आलो काय..."

त्यांचा खरा आदर्श मात्र लिव्हरपूल. ६ फेब्रुवारी २०१६ ला ॲनफिल्डवर संडरलंडविरुद्धच्या सामन्यात सत्याहत्तराव्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. कारण नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट सत्याहत्तर पौंडांचं करायचं घाटत होतं. त्या वेळी लिव्हरपूल दोन गोलांनी पुढं होतं. लोक गेले आणि सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली. ही गोष्ट भाऊ पोवाड्याच्या चालीत सांगतात.

आणि एका हंगामात त्यांनी ती करून दाखवायचं ठरवलं. सामन्याची वेळ पाचाची साडेसात केली होती, त्यामुळं परतीच्या गाडीची तिकिटं बुडाली होती. कारण पुरेसं होतं. भाऊंनी शेजारच्या आठ-दहा जणांना कल्पना दिली. सगळे "हो अंकल, नक्की" म्हणाले. सत्याहत्तरावं मिनिट लागलं. स्कोअर शून्य-शून्य. भाऊ उठले, धोतर सावरल्यासारखी पँट वर ओढली आणि पायऱ्या उतरू लागले. त्यांच्यामागं कुणी उठलं नाही. मीही नाही, हे इथं कबूल करतो. खाली उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीनं अदबीनं सांगितलं, "अंकल, वॉशरूम त्या बाजूला आहे."

"मी निषेध म्हनून चाललोय."

"ओके अंकल. पण मग री-एंट्री नाही हं."

भाऊ बाहेर पडले आणि चार मिनिटांनी आमच्या संघानं गोल मारला. संपूर्ण हंगामातला देखणा गोल, जवळजवळ अर्ध्या मैदानावरून. स्टेडियम उसळलं. भाऊ तेव्हा गेटबाहेर वडापावच्या गाडीवर होते. गाडीवाल्याच्या मोबाइलवर सामना चालू होता, पण तो अर्धा मिनिट मागं होता. त्यामुळं भाऊंनी आधी भिंतीपलीकडून गोल ऐकला आणि मग, काय होणार ते माहीत असताना, तो श्वास रोखून पाहिला. चोवीस टीव्हींवर एकदम गोल पाहिलेला हा माणूस, त्या चार इंची पडद्यावर अर्धा मिनिट उशिरा एकटाच ओरडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा गाडीवाला त्यांना पाणी देत होता. त्या वड्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत, असं भाऊ सांगतात. मला वाटतं, घेतले असावेत.

करोनाच्या काळात २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाला. खुर्च्याच खुर्च्या, माणूस एक नाही. कुणाला ते चित्र उदास वाटलं. भाऊ टीव्हीसमोर मांडी घालून बघत होते. म्हणाले, "आता यांच्या मनासारखं झालं." पुढं जुलै २०२५ मध्ये नवा हंगामच लांबणीवर टाकल्याचं पत्र क्लबांना गेलं, तेव्हा मात्र भाऊंची पंचाईत झाली. भांडायचं कुणाशी? बदलायला तारीखच नाही, हुकायला गाडीच नाही. त्या दिवसांत ते शहरात आमखास मैदानावर पोरांचा फुटबॉल बघायला जायचे. कडेला बसायचं, कुणी काही विचारत नाही, भेळ खाल्ली तरी चालते. तिसऱ्या खेपेला जाणं बंद केलं. "तिथं मजा नाही. कोनी अडवीतच नाही," म्हणाले.

वहिनींचं म्हणणं सरळ आहे. "तेवढ्या पैशात वर्षाचा गहू भरला असता." फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या दारावरून पैठणला जातात, तेव्हा त्या भाऊंना हात धरून बाहेर आणतात आणि दाखवतात. बघा, लाखो माणसं जातात, कुणाचा सीट नंबर आहे का? भाऊ दिंडीला चहा देतात, पाया पडतात, आणि आत येऊन हळूच म्हणतात, "पन दर्शनबारीत व्हीआयपी सोडतातच की."

पास त्यांनी दर वर्षी घेतलाय. विक्री उघडल्याच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, लवकर घेणाऱ्याची सूट मिळवून. एकदा मी विचारलं, एवढा त्रास आहे तर घेता कशाला? भाऊंनी कॉइलवरून मान वर केली नाही. "पास नसला तर मी बोलनार कोन?" म्हणाले.

येत्या हंगामात दोन सामन्यांना भाऊंना जाता येणार नाही. भाचीचं लग्न आहे आणि दुसऱ्या तारखेला मोतीबिंदूचं ऑपरेशन. कुणाला जायचं असेल तर पास फुकट मिळेल, सीट रेलिंगजवळची आहे. इच्छुकांनी चितेगावच्या स्टँडवर चौकशी करावी. येताना आधार कार्ड आणावं, त्यावर नाव आणि फोटो भाऊंचा असावा.